गाण्याला काय म्हणायचंय

सराव परीक्षेच्या पेपरांचा गठ्ठा समोर घेऊन पौर्णिमा शिक्षक-खोलीत बसली होती. रसग्रहणाच्या प्रश्नापाशी आल्यावर तिचा हात नेहमीसारखा मंदावला. 'कवीला असे म्हणायचे आहे की' इथूनच सगळी पोरं सुरू करत आणि कुठलाही कवी घ्या, त्याला शेवटी तेच म्हणायचं असे, की माणसाने आशा सोडू नये. दोष पोरांचा नव्हता. अंबाजोगाईच्या या कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायला लागल्यापासून ती स्वतःच फळ्यावर लिहीत आली होती की आधी आशय धरा, मग प्रतिमा बघा, मग भाषेवर चार ओळी लिहा. उगाच म्हणून काही आलेलं नसतं, जे आहे ते कशासाठी तरी आहे. तेवढ्यात इंग्रजी शिकवणारी धनश्री खुर्ची ओढून शेजारी बसली आणि तिनं फोन पेपरांवरच ठेवला. "मॅडम, हे बघा जरा. पुण्याची पोरं आहेत, 'मुरमाड' नावाचा बँड. मराठीत रॉक करतात. मला तर वेड लागलंय दोन दिवस."

फोनवर राखाडी माळ होता. नजर पोचेल तिथवर काही नाही आणि मधोमध एक दार. भिंत नाही, घर नाही, चौकटीसकट उभं केलेलं नुसतं निळं दार. ड्रम असे दणकत होते की पलीकडं डबा खाणारे भूगोलाचे सर मान वर करून बघू लागले. अंगाला राख फासलेला एक पोरगा गिटारीवर वाकून ओरडत होता. शब्द कळत नव्हते, किंवा तिचं शब्दांकडं लक्षच नव्हतं. लोखंडी पलंगावर एक म्हातारा पाठमोरा बसलेला. एक बाई पदरानं थाळी पुसत होती, पुसून झाली की परत पुसत होती, तोंड तिचंही दिसत नव्हतं. आणि राख जी खाली पडायला पाहिजे ती जमिनीवरून उठून वर, आभाळात माघारी चालली होती. पौर्णिमाच्या दातांत कचकचलं. परळी सोडून इतकी वर्षं झाली तरी ती चव तोंडाला ओळखीची होती, भाकरीच्या पहिल्या घासातली, पावडरीसारखी मऊ आणि शेवटी कणकण लागणारी. गाण्याच्या शेवटी दार उघडतं. आत कुणी येत नाही, बाहेर कुणी जात नाही. कॅमेराच जमिनीलगत सरकत सरकत दारातून आत जातो आणि जाताना, ऊन मागून असल्यामुळं, कॅमेरा धरणाऱ्या माणसाची सावली पुढं लांब पडते. सावलीचा डावा खांदा उतरलेला होता.

"मागं घे जरा," ती म्हणाली. धनश्रीनं मागं घेतलं. खांदा तसाच. शाळेत असताना लिंबाच्या झाडावरून पडून त्याचं हाड मोडलं होतं आणि दवाखान्यात न नेता मालिश करणाऱ्याकडं नेलं म्हणून ते तसंच बसलं होतं. शर्ट कुठलाही घातला तरी डावीकडून घसरल्यासारखा दिसायचा. मग पडदा काळा झाला आणि पांढऱ्या अक्षरांत नावं वर सरकू लागली. गीत अमुक, संगीत तमुक, छायाचित्रण सतीश कारभारी. "ओळखीचं आहे का कुणी?" धनश्रीनं विचारलं. "नाही," पौर्णिमा म्हणाली आणि लाल पेन उचलून समोरच्या पेपरावर नसलेल्या चुकीखाली रेघ मारली.

सतीश तिचा धाकटा भाऊ. कारभारी हे आडनाव नव्हे, त्यांच्या वडिलांचं नाव. सहा वर्षांपूर्वी तो घरातून गेला तो गेला. भांडण झालं नव्हतं, कुणी हाकललं नव्हतं, आणि हेच सांगायला सगळ्यात अवघड जायचं, कारण लोकांना कारण लागतं. कारण म्हणावं तर एक खुर्ची होती. सतीशनं तेव्हा कुणाचातरी जुना कॅमेरा मिळवला होता आणि दिवस दिवस तो थर्मलच्या, म्हणजे परळीच्या वीज केंद्राच्या, राखेच्या तळ्याकडं जाऊन बसायचा. राख भरणाऱ्या बाया, राखेनं पांढरी झालेली बाभळ, राखेत उमटलेली गाढवांची पावलं. त्यातला एक फोटो त्यानं फेसबुकवर टाकला आणि तो फिरला. बाबा ज्या ठेकेदाराच्या हाताखाली रोजंदारीवर होते त्यानं दोघांना बोलावलं. ठेकेदार रागावला नाही. त्यानं सतीशला खुर्ची दिली, चहा मागवला, म्हणाला, पोरगं हुशार हाय तुमचं, जपा. बाबा खुर्चीमागं उभे होते. हात जोडून. सतीश बसला होता. त्या दिवशी संध्याकाळी घरावरच्या माळवदावर तो पौर्णिमाला म्हणाला होता, "ताई, मला उठायचंच सुचलं न्हाई. चहा पण पिलो मी." आणि तो हसला होता, तसला हसला होता की तिला त्याच्याकडं बघवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कॅमेरा घेऊन परळी स्टेशनवर गेला. एकदा मायच्या फोनवर फोन आला, पोचलोय, काळजी करू नका. मग नंबर बदलला. बाबा त्यावर कधीच बोलले नाहीत. कुणी विचारलंच तर एवढंच म्हणत, "कामाला गेलाय." जणू संध्याकाळी पाळी संपवून येणार होता.

त्या आठवड्यात रोज कॉलेज सुटल्यावर आपल्या दोन खोल्यांत येऊन पौर्णिमा चप्पलही न काढता पलंगाच्या कडेवर बसायची आणि ते गाणं लावायची. एकटीचाच संसार, चहा उशिरा झाला तरी कुणी विचारणारं नव्हतं. पहिल्यांदा ती भाऊ शोधत होती, मग हळूहळू बघायला शिकली. सगळ्या गाण्यात रंग असा एकच आहे, निळा, आणि तो फक्त दाराला आहे. परळीत त्यांच्या गल्लीतली सगळी दारं निळी, त्यांचं मायनं दर चौदा एप्रिलच्या आधी रंगवलेलं. राख उलटी का जाते? वेळ मागं फिरवायचाय म्हणून. कुणाचंच तोंड का दाखवलं नाही? कारण सहा वर्षांत तो तोंडं विसरला नाही, पण तोंड दाखवायची त्याला लाज आहे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट तिला पाचव्या की सहाव्या वेळी दिसली तेव्हा ती एकदम उभीच राहिली. कॅमेरा कुठंही माणसाच्या कमरेच्या वर जात नाही. माळ, गिटार, थाळी पुसणारे हात, सगळं एका बसलेल्या माणसाच्या नजरेतून दिसतं. खुर्चीत बसलेल्या. आणि समोर म्हातारा, तो उभा नाही, त्याला पलंग दिलाय. पोरानं शेवटी बापाला बसवलं होतं. तिनं गाणं तिथंच थांबवलं आणि, ती शिक्षिका असल्यामुळं, तिला आतून एक बारीक समाधान वाटलं, अवघड कवितेची ओळ सुटल्यावर वाटतं तसलं. मग नाव. आडनाव टाकून दिलं, गाव टाकून दिलं, पण बापाचं नाव पुढं लावलं. आता दार उघडून तो आत येतो, याचा अर्थ आणखी कुणी समजावून सांगायला पाहिजे?

रविवारी ती परळीला गेली. जायचं ठरलेलंच होतं, कारण पुढच्या रविवारी माय-बाबांना कायमचं अंबाजोगाईला आणायचं होतं. बाबांच्या छातीचा फोटो बघून डॉक्टरांनी उन्हाळ्यातच सांगितलं होतं की या हवेतून हलवा, औषधानं आता फार काही होणार नाही. तेव्हापासून पौर्णिमानं मायच्या मागं लागून लागून तिला तयार केलं होतं. खालच्या मजल्यावरच्या खोल्या बघितल्या, सामान न्यायला ओळखीच्या आश्रुबाचा टेम्पो सांगितला. माय हो म्हणाली होती, पण मनातून नव्हे, दाढ काढायला हो म्हणावं तसं. त्या दिवशी पौर्णिमा घरात शिरली तेव्हा माय सकाळची भांडी दुसऱ्यांदा पुसत होती. बाबा दाराशी, ऊन येईल तिथं, भिंतीला टेकून. त्यांचा श्वास घरभर ऐकू यायचा, पत्र्यावर कुणी हळूहळू वाळू ओतावी तसा. माणूस पूर्वी किती मोठा वाटायचा. थर्मलच्या कोळसा वाहणाऱ्या पट्ट्याखालून काळा होऊन यायचा, अंगणात बसून साबण लावायचा आणि पाण्याचा पहिला तांब्या काळा, दुसरा करडा, मग मधूनच त्याचा गव्हाळ रंग वर यायचा. ती आणि सतीश ते बघायला थांबत. आता एवढेसे झालेले बाबा मान वळवून म्हणाले, "आलीस?" आणि तेवढ्यानं त्यांना धाप लागली.

तिनं फोन मायच्या हातात दिला. काय सांगायचं आणि काय नाही हे तिनं बसमध्ये ठरवलं होतं, पण माय पडद्याजवळ डोळे नेऊन बसली आणि थाळी पुसणारी बाई आली तेव्हा तिनं फोन आणखी जवळ घेतला, मग पौर्णिमाला थांबता येईना. "अगं माय, माझ्यावानीच पुसायलीय की," केशरबाई म्हणाली. केशरबाई तिची माय, शाळा तिसरीपर्यंत, तिला गाण्यातलं काही कळणार नाही असं पौर्णिमा गृहीत धरून होती. पण समजावायला लागल्यावर ती असं ऐकू लागली की वर्गातल्या कुठल्याही पोरीनं कधी ऐकलं नव्हतं. हे दार म्हणजे आपलं दार. ही राख म्हणजे गेलेला काळ. हे म्हातारं म्हणजे बाबा. हे इथं, सावली दिसली? खांदा बघ. मायनं सावलीवरून बोट फिरवलं आणि गाणं थांबलं. ते परत लावून द्यावं लागलं. "दारातनं आत कोन जायलंय?" मायनं विचारलं. "कॅमेरा जातोय. म्हणजे तोच. सतीश." मायनं आपल्या घराच्या दाराकडं बघितलं. मग म्हणाली, "मंग येणार म्हन की." आणि पौर्णिमा, जिनं हजार पेपरांवर 'पुरावा द्या' असं लाल अक्षरांत लिहिलं होतं, ती म्हणाली, "असंच दिसतंय माय." फोन बाबांपुढं धरला. त्यांनी पूर्ण बघितलं, पापणी न लववता. शेवटी एवढंच विचारलं, "म्हातारं हालत कावून न्हाई?"

मंगळवारी मायचा फोन आला. टेम्पो राहू दे. "त्यो आला आन् दाराला कुलूप दिसलं तर माघारी जाईन. त्येला अंबाजोगाई कुठं म्हाईत हाय? त्यानं हेच दार दावलंय ना गाण्यात." पौर्णिमानं सांगून बघितलं की शेजारच्या साखराबाईकडं नंबर ठेवू, चिठ्ठी लावू, तो आला तर लगेच कळेल. माय ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "तूच सांगितलंस की." आवाजात राग नव्हता, उलट लाड होता, शिकलेल्या लेकीनं इतकं बारीक ओळखलं म्हणून. गुरुवारी साखराबाईनंच कळवलं की बाबांना श्वास घ्यायला होईना म्हणून सरकारी दवाखान्यात नेऊन वाफ दिली, आता बरं हाय, आणि तुझी माय सगळ्या गल्लीला ते गाणं दावायलीय. पौर्णिमा तेव्हा वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात उभी होती. आतून पोरांचा गलका येत होता. तिला आतमध्ये जाऊन कविता शिकवायची होती आणि तिच्या मनात एकच आलं की आपण बापाला त्या हवेत बांधून ठेवलंय, आणि दोरी म्हणून चार मिनिटांचं गाणं वापरलंय. तिनं ठरवलं की सतीशलाच सांगायचं, की एकदा ये, नुसता दारात उभा राहा, मग आम्ही निघतो. त्याच्या येण्यानंच ही गाठ सुटणार होती, आणि तो येणार होता, याबद्दल तिच्या मनात तेव्हाही शंका नव्हती.

नंबर मिळायला फार वेळ लागला नाही. बँडच्या पानावर तिनं निरोप टाकला, त्या पोरांनी कुठलाही प्रश्न न विचारता नंबर दिला. इतकं सोपं होतं हे, आणि सहा वर्षांत तिनं ते केलं नव्हतं. शुक्रवारी दुपारच्या सुट्टीत ती सायकल स्टँडच्या मागं, जिथं कुणी येत नाही, तिथं जाऊन उभी राहिली. "हॅलो, कोण?" आवाज भरलेला, शहरी. तिनं नाव सांगितलं. पलीकडं कुणीतरी हसत होतं, दार लागल्याचा आवाज आला आणि हसणं बंद झालं. "ताई? बोल ना. कशी आहेस?" तो 'आहेस' म्हणाला. 'हाईस' नव्हे. तीही रोज वर्गात आहेच म्हणायची, तरी ते तिला लागलं. ती म्हणाली, "तुझं गाणं बघितलं." "कुठलं?" त्यानं विचारलं.

कुठलं, म्हणजे अशी पुष्कळ होती. "ते निळ्या दाराचं," ती म्हणाली. "अच्छा, मुरमाडचं. ते मागच्या वर्षीचं गं. बरं झालंय ना? लोकांना आवडलं बरंच." तिनं विचारलं, राख कुठली? राख कसली, तो म्हणाला, वाईच्या पुढं एक माळ होता, तिथं सिमेंटची रिकामी पोती झटकली आणि भाताचं तूस जाळलं, बाकी रंग नंतर कॉम्प्युटरवर काढून घेतला. उलटी राख गायकाला पाहिजे होती. थाळी पुसणारी बाई? तीही गायकाचीच, त्याच्या आजीवर म्हणे ते गाणं आहे. "आजी?" "हो, कोकणातली कुठलीतरी. वेडी झाली होती शेवटी." दार जुन्या बाजारातून आणलं होतं, मुळात हिरवं होतं, दिग्दर्शकाच्या डोक्यात आभाळ होतं म्हणून निळं केलं. तो भराभर, आनंदानं सांगत होता, आपल्या कामाबद्दल कुणी विचारलं की माणूस सांगतो तसा. पौर्णिमानं डोळे मिटले आणि शेवटचं विचारलं. "आणि कॅमेरा सगळीकडं खाली का ठेवलास? बसल्यासारखा?" "तुला दिसलं ते?" तो खूश झाला. "अगं, मोठं स्टँड आलंच नाही त्या दिवशी. लहान होतं तेवढ्यावर भागवलं. मग सगळे म्हणाले, काय वेगळं दिसतंय."

स्टँडमधली एक सायकल कशानं तरी कलंडली आणि तिच्यामागं तीन-चार पडल्या. "नाव," ती म्हणाली, "कारभारी लावतोस." तो म्हणाला, "आडनाव सांगितलं की लोक विचारत बसतात ताई. खोली बघायला गेलं तरी. कारभारीचं कुणाला काही कळत नाही." मग तिनं बाबांचं सांगितलं, श्वासाचं, वाफेचं, टेम्पोचं, सगळं. तो मध्येमध्ये "अरे" म्हणत होता आणि त्या 'अरे'त खरोखरचं दुःख होतं, दुसऱ्याच्या वडिलांबद्दल वाटतं तेवढं. "तिथून काढच त्यांना," तो म्हणाला, "आधीच काढायला पाहिजे होतं." "माय निघत नाही. ती तुझी वाट बघतेय. तू एकदा ये. एक दिवस." "बघतो. सध्या दिवाळीपर्यंत शूट आहेत." "येतो म्हणून सांगू का तिला?" "नको, असं सांगू नकोस. मग नाही जमलं की..." आणि थोड्या वेळानं, आवाज एकदम खाली आणून, तिच्या ओळखीच्या आवाजात, तो म्हणाला, "ताई, रागावू नको. मला ते घर नीट आठवतच नाही. आठवायचं नाही असं न्हाई गं. बसतो मी कधीकधी. पण मला ती एकच खोली आठवती. त्या ठेकेदाराची. त्याच्या भिंतीवर घड्याळ हुतं, तिकडं हरणाचं चित्र हुतं, सगळं. आपलं घर येतच न्हाई." तिला बोलायचं होतं, पण सुट्टी संपल्याची घंटा झाली आणि तो म्हणाला, "कॉलेजात आहेस का? जा तू. करतो मी फोन." त्याचं बोलणं परत शहरी झालं होतं.

त्या तासाला तिनं काय शिकवलं ते तिला आठवत नाही. सगळ्या वर्गाचे चेहरे तिच्याकडं बघत होते आणि ते तिच्याकडून अर्थ मागत होते. गाणं परत बघायचा धीर तिला झाला नाही, पण बघायची गरजही नव्हती. ते तिच्या डोळ्यांसमोर चालूच होतं, आणि आता त्यात काही राहिलं नव्हतं. सिमेंट, तूस, रंगवलेलं हिरवं दार, परक्या घरातली वेडी आजी. गंमत अशी, की ते पूर्वीइतकंच सुंदर होतं. तिचा राग कुणावर जाईना. सतीश खोटं बोलला नव्हता, उलट तिनं विचारलं ते सगळं त्यानं मोकळेपणानं सांगितलं होतं. गाणंही खोटं नव्हतं, ते दुसऱ्याच कुणाचं तरी खरं होतं. ती फक्त दुसऱ्याच्या दारात जाऊन आपलं घर म्हणून बसली होती आणि मायलाही हाताला धरून तिथं नेऊन बसवलं होतं.

रविवारी तिनं आश्रुबाला टेम्पो घेऊन परळीला यायला सांगितलं. मायला सांगितलं नाही. ती स्वतः पहिल्या गाडीनं गेली आणि कुणाशी न बोलता अंथरुणं बांधायला घेतली. जुनं लुगडं अंथरून त्यावर वाकळा, बाबांची उशी, शाल, सगळं घालून दोरीनं गच्च आवळलं. माय चुलीपाशी बसून बघत होती. तिनं अडवलं नाही. तिला वाटत असावं की पोरगी दमली की थांबेल. शेवटी पौर्णिमा तिच्यापुढं खाली बसली. "माय, ऐक. मी सतीशशी बोलले. शुक्रवारी." मायच्या हातातली उलथणी राहिली तिथंच राहिली. पौर्णिमानं सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. ते गाणं त्याचं नाही. ते घर आपलं नाही. ती बाई तू नाहीस. त्यानं फक्त कॅमेरा धरला होता. मी चुकीचं सांगितलं तुला, माझंच चुकलं. तो येणार असं त्यानं कुठंच म्हटलेलं नाही. बोलताना तिला वाटत होतं की आपण एकेक करून या बाईच्या अंगावरचं पांघरूण ओढतोय, पण थांबून चालणार नव्हतं, कारण मागं भिंतीला टेकलेल्या माणसाचा श्वास ऐकू येत होता.

केशरबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "बोलला त्यो तुझ्यासंगं?"

"हो."

"आवाज कसा हुता?"

पौर्णिमाला प्रश्न कळला नाही. "कसा म्हणजे? चांगला होता."

"जाड झालाय का? पहिल्यावानी अडखळत हुता का? ताई म्हनला का तुला?"

"म्हणाला."

"आन् तू मला कावून न्हाई जोडून दिलास?" माय म्हणाली. एवढंच. त्यात बोल लावणं नव्हतं, तिला खरंच समजत नव्हतं. त्या फोनवर तिनं दाराचा रंग विचारला होता, राख विचारली होती, कॅमेऱ्याची उंची विचारली होती, आणि इकडं ही बाई सहा वर्षं नुसता आवाज मागत होती हे तिच्या मनातही आलं नव्हतं. तिनं घाईघाईनं फोन काढला, नंबर लावला, मायच्या कानाला धरला. रिंग गेली. माय पदर सावरून ताठ बसली, जणू तो बघणार होता. रिंग जात राहिली आणि मग बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज आला. परत लावला. परत तेच. "कामात असन," भिंतीपासून बाबा म्हणाले. मायनं मान हलवली, असणारच. तिचा चेहरा पडला नव्हता. पौर्णिमा त्या चेहऱ्याकडं बघत राहिली, कारण त्यावर तिला नको असलेली गोष्ट हळूहळू उमलत होती.

"जित्ता हाय," केशरबाई म्हणाली. "आतापतूर मला तेवढंच भ्या हुतं पोर्णे, तुला कदी बोलले न्हाई. नाव काय, सावली काय, कुनाची बी असती. आता बोललाय त्यो. ताई म्हनलाय. मंग आता तर मला हालताच येत न्हाई."

"माय, त्याला घर आठवत पण नाही!"

"त्येला न्हाई आठवत," माय म्हणाली, "मनून तर कुनीतरी हितं र्‍हायला पायजे."

बाहेर टेम्पो येऊन थांबला. आश्रुबा दारात आला, चपला काढून, टोपी हातात घेऊन म्हणाला, "मॅडम, आधी काय न्यायचं?" पौर्णिमानं बाबांकडं बघितलं. ती त्यांच्यासाठी हे सगळं करत होती. छाती त्यांची होती, श्वास त्यांचा होता, ते एक शब्द बोलले असते तरी पुरे होतं. मायनं त्यांचं ऐकलं असतं, सगळ्या आयुष्यात तिनं त्यांचा एकही शब्द मोडला नव्हता. कारभारी उठले. भिंतीला हात धरत, थांबत थांबत ते त्या बांधलेल्या गाठोड्यापाशी आले. पौर्णिमाला वाटलं, उचलायला आले. "बाबा, राहू द्या, आश्रुबा नेईल," ती म्हणाली. पण ते गाठोड्याजवळ खाली बसले, जरा दम खाल्ला आणि दोरीच्या गाठीला त्यांनी नख घातलं. गाठ घट्ट होती. प्रत्येक ओढीमागं छातीतून तो वाळू ओतल्यागत आवाज येत होता, तरी ते मान वर करून कुणाकडं बघत नव्हते. कोळशाच्या पट्ट्याखाली वाकून काम करणारा माणूस वाकतो तसे वाकून ते काम करत होते. आश्रुबा दारातून बाजूला झाला. माय चुलीकडं वळली. पौर्णिमा उभी होती, तिला ओरडायचं होतं, हात धरून त्यांना ओढत टेम्पोत बसवायचं होतं, डॉक्टरांचं नाव घ्यायचं होतं. गाठ सुटेना. बाबांनी नखं काढून दात लावायला तोंड खाली नेलं आणि त्यांना खोकल्याची उबळ आली, थांबेना. तेव्हा पौर्णिमा त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली आणि दोरीचं दुसरं टोक तिनं हातात घेतलं.